डीलरच्या जाहिरातीपासून आरएमएसच्या खुर्चीपर्यंत: शेअर बाजारातील पहिल्या नोकरीचा दहा महिन्यांचा शोध

वाणिज्य शाखेच्या शेवटच्या सत्राचा निकाल जून २०२४ मध्ये लागला आणि ७ एप्रिल २०२५ रोजी मी एका शेअर दलाल कंपनीच्या जोखीम व्यवस्थापन विभागात, म्हणजे बाजारातले सगळे ज्याला आरएमएस म्हणतात त्या विभागात, प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाले. मधल्या दहा महिन्यांत मी ११२ अर्ज केले, १९ ठिकाणांहून उत्तर आले, ११ मुलाखती झाल्या आणि एका परीक्षेत मी एकदा अनुत्तीर्ण झाले. या दहा महिन्यांपैकी निदान चार महिने, आपण नेमके काय शोधतो आहोत हे न कळल्यामुळे वाया गेले. ज्यांना हे क्षेत्र खुणावते पण घरात किंवा ओळखीत बाजारातले कोणी नाही, त्यांचे हे चार महिने वाचावेत म्हणून तारखा आणि खर्च यांसह सगळे लिहून ठेवत आहे.

सुरुवातीला माझ्या मनात एकच चित्र होते: समोर दोन-तीन पडदे, कंपनीचा पैसा, आणि खरेदी-विक्रीचे निर्णय घेणारी मी. जुलैमध्ये मी नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइनवर ‘ट्रेडर’, ‘ट्रेडिंग’, ‘फ्रेशर’ असे शब्द टाकून दिसेल तिथे अर्ज पाठवू लागले. तीन आठवड्यांत ३४ अर्ज गेले आणि फोन आले ते फक्त क्रेडिट कार्ड विकणाऱ्या कंपन्यांचे. शेवटी आमच्या महाविद्यालयातून चार वर्षे आधी बाहेर पडलेल्या आणि एका दलाल पेढीच्या बॅक ऑफिसमध्ये काम करणाऱ्या एका ताईला मी फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “तुला ट्रेड करायचं आहे, की बाजारात नोकरी करायची आहे? आधी हे ठरव. जाहिरातीत दोन्हीला ट्रेडिंगच लिहितात.”

तिने त्या दिवशी सांगितलेली विभागणी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली होती. ग्राहकाची ऑर्डर टर्मिनलवर, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेल्या संगणकावर, टाकणारा तो डीलर. तो निर्णय घेत नाही, अंमलबजावणी करतो. कंपनीच्या स्वतःच्या पैशाने सौदे करणारा प्रोप डेस्कचा ट्रेडर किंवा जॉबर. या जागा थोड्या, आणि त्यांतल्या बऱ्याच गणित-संगणकाच्या पदवीधरांकडे जातात. ग्राहक आणणारा आणि सांभाळणारा रिलेशनशिप मॅनेजर. हे मुळात विक्रीचे काम. आणि या सगळ्यांच्या मागे सेटलमेंट (सौद्यानंतर पैसे आणि शेअर्सची देवघेव), बॅक ऑफिस (सौद्यांच्या नोंदी) आणि आरएमएस. यापुढे कोणतीही जाहिरात वाचताना ‘यात पैसा कोणाचा आणि तोटा झाला तर तो कोणाच्या खिशातून जाणार’ हा प्रश्न विचारायचा, असे ती म्हणाली. नंतरच्या प्रत्येक मुलाखतीत मला हाच प्रश्न उपयोगी पडला.

ताईने दुसरी गोष्ट सांगितली ती एनआयएसएमच्या परीक्षेची. एनआयएसएम ही शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २००६ मध्ये स्थापन केलेली संस्था असून तिच्या ‘सीरीज आठ’ या इक्विटी डेरिव्हेटिव्ह्जच्या, म्हणजे शेअर्सच्या किमतींवर आधारलेल्या फ्युचर्स-ऑप्शन्स करारांच्या, प्रमाणपत्राशिवाय त्या विभागाच्या टर्मिनलवर ऑर्डर टाकता येत नाही, त्यामुळे ते नसेल तर डीलरच्या जागेसाठी बायोडाटा उघडलाही जात नाही. याच सुमारास मी एक चूक केली. ‘ऑप्शन स्ट्रॅटेजी’ शिकवून नोकरीसाठी मदत करण्याचे आश्वासन देणाऱ्या एका खासगी वर्गाला मी ६,००० रुपये भरले. त्यात जे शिकवले ते एनआयएसएमच्या पुस्तकात अधिक नीटपणे दिलेले होते आणि ते पुस्तक नोंदणीनंतर संगणकावर विनामूल्य मिळते. परीक्षेचे शुल्क मात्र मी प्रत्येक वेळी १,५०० रुपये भरले आहे. कोणताही वर्ग लावण्यापूर्वी ते पुस्तक एकदा पूर्ण वाचावे, एवढे मी कळकळीने सांगेन.

नोंदणी करताना पॅनवरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत आडनावाच्या एका अक्षराचा फरक निघाला. प्रमाणपत्र पॅनशी जोडलेले असते, म्हणून आधी १०७ रुपये भरून पॅनमध्ये दुरुस्ती करून घेतली आणि नवे कार्ड हाती यायला १६ दिवस लागले. आपली कागदपत्रे परीक्षेच्या नोंदणीआधीच शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासावीत; हे काम नंतर निघाले की प्रत्येक टप्पा अडतो.

परीक्षा शनिवार, २४ ऑगस्ट २०२४ रोजी दिली. १०० प्रश्न, १२० मिनिटे, उत्तीर्ण होण्यासाठी ६० गुण आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. माझी ६६ उत्तरे बरोबर आली, ३३ चुकली आणि एक प्रश्न राहून गेला. ६६ मधून सव्वाआठ गेले आणि पडद्यावर ५७.७५ हा आकडा आला. निकाल तिथल्या तिथे दिसतो, त्यामुळे केंद्रातून बाहेर येईपर्यंत स्वतःला सावरायलाही वेळ मिळत नाही. त्या संध्याकाळी मी घरी कोणाशी बोलले नाही.

सगळे म्हणाले, “अंदाजाने उत्तरे दिलीस म्हणून गेलीस.” मी शांतपणे हिशेब केला तेव्हा वेगळेच दिसले. चार पर्यायांतून डोळे झाकून एक निवडला तर चारांत एकदा एक गुण मिळतो आणि तीनदा पाव-पाव गुण जातो, म्हणजे सरासरीने किंचित फायदाच होतो. दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळत असेल तर फायदा बराच मोठा होतो. तेव्हा दोष अंदाजांचा नव्हता. फ्युचर्सची योग्य किंमत, मार्क टू मार्केटचा, म्हणजे बंद भावानुसार नफा-तोट्याचा, रोजचा हिशेब आणि ऑप्शनच्या नफा-तोट्याची आकडेमोड असलेले प्रश्न मला सोडवता येत नव्हते, कारण पाठांतर केले होते आणि उदाहरणे सोडवली नव्हती. पुढचे पाच आठवडे मी फक्त कागद-पेन्सिल घेऊन उदाहरणे केली. २८ सप्टेंबरला पुन्हा १,५०० रुपये भरून दिलेल्या परीक्षेत ७४ बरोबर, १८ चूक, ८ सोडलेले, असे ६९.५० गुण मिळाले. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची आहे.

मी उत्तीर्ण झाले त्याच आठवड्याच्या सुरुवातीला, २३ सप्टेंबरला, सेबीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. लगेच १ ऑक्टोबरला सेबीचे परिपत्रक आले आणि २० नोव्हेंबरपासून प्रत्येक शेअर बाजाराला एकाच निर्देशांकावर साप्ताहिक करार ठेवता येतील, तसेच कराराचे किमान मूल्य १५ लाख रुपये असेल, असे ठरले. नोकरी शोधणाऱ्या मुलीला याचे काय, असे मला तेव्हा वाटले. पण ज्या कंपन्यांचे उत्पन्न या सौद्यांच्या संख्येवर अवलंबून होते, त्यांनी त्या तिमाहीत भरती आखडती घेतली. दोन ठिकाणी माझी पहिली फेरी झालेली असताना “नव्या नियमांचा परिणाम बघून कळवतो” असे उत्तर मिळाले आणि पुढे काहीच कळवले गेले नाही. आपण ज्या क्षेत्रात नोकरी मागतो त्याचे नियम बदलत असतील तर ते बदल वाचणे हाही मुलाखतीच्या तयारीचाच भाग आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

ऑक्टोबरमधल्या तीन मुलाखतींविषयी सविस्तर लिहिते, कारण नवख्यांना सर्वांत जास्त धोका याच प्रकारांचा आहे.

पहिली ‘इक्विटी डीलर’ या पदाची होती. अर्ध्या तासाच्या बोलण्यात टर्मिनलचा उल्लेखही आला नाही. महिन्याला १५ डीमॅट खाती उघडायची, पगार १२,००० रुपये, आणि सलग दोन महिने लक्ष्य चुकले तर पगार निम्मा. हे काम प्रामाणिक आहे आणि ज्याला माणसांशी बोलायला आवडते त्याने ते जरूर करावे, पण ते विक्रीचे काम आहे आणि तसे जाहिरातीत लिहायला हवे होते. तेव्हापासून मी फोनवरच विचारू लागले: “मला टर्मिनलचा आयडी माझ्या एनआयएसएम क्रमांकावर मिळणार का, आणि खाती उघडण्याचे लक्ष्य आहे का?” या दोन प्रश्नांनी निम्मे हेलपाटे वाचले.

दुसरे ठिकाण ‘प्रोप ट्रेडिंग डेस्क’ म्हणवणारे होते. खोलीत वीस-बावीस मुले पडद्यांसमोर बसलेली पाहून मला क्षणभर आपण योग्य जागी आलो असे वाटले. मग अट समजली: ५०,००० रुपये ‘सुरक्षा ठेव’ म्हणून भरायचे, त्यावर कंपनी ठेवीच्या काही पट रकमेचे सौदे करू देणार, नफ्याचा ७० टक्के वाटा माझा, आणि तोटा आधी माझ्या ठेवीतून. पगार नाही. ताईचा प्रश्न मनात होताच. तोटा माझ्या खिशातून जाणार असेल तर ती नोकरी नव्हे. शेजारी बसलेल्या मुलाने वडिलांकडून पैसे घेऊन ठेव भरली होती आणि ती दीड महिन्यात संपत आली होती, हे त्यानेच मला जिन्यात सांगितले. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

तिसरी जागा एका ओळखीच्या माणसाने सुचवली होती. पगार २५,००० सांगितला, म्हणजे तोपर्यंत ऐकलेल्या सर्व आकड्यांपेक्षा जास्त. मी विचारले, “सर, सौदे कोणत्या टर्मिनलवर होतात?” ते म्हणाले, “ते आम्ही शिकवू. ग्राहक आपले ओळखीचे आहेत, केवायसीची भानगड नाही, दर शनिवारी रोखीत हिशेब.” कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची अधिकृत पावती, नाही, केवायसी नाही, रोखीचा हिशेब, हा सरळ डब्बा होता. शेअर बाजाराबाहेर परस्पर चालणारे असे सौदे १९५६ च्या सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स (रेग्युलेशन) कायद्याखाली गुन्हा ठरतात आणि तिथे नोकरी करणाराही त्यात ओढला जाऊ शकतो. मी पाणी पिऊन नम्रपणे निघाले. नोंदणीकृत दलालाचा सेबी क्रमांक ‘आयएनझेड’ या अक्षरांनी सुरू होतो आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. छोट्या कार्यालयात ‘आम्ही सब-ब्रोकर आहोत’ असे कोणी म्हणाले तरीही चौकशी करावी, कारण सब-ब्रोकर हा नोंदणीचा प्रकार ३१ मार्च २०१९ नंतर राहिलेला नाही. आता त्याला ऑथोराइज्ड पर्सन म्हणतात आणि त्यांची यादी शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर असते. मुलाखतीला जाण्याआधी दहा मिनिटे खर्च करून हे पाहावे.

नोव्हेंबरमध्ये एका खऱ्या प्रोप कंपनीच्या परीक्षेला बसण्याची संधी मिळाली. तिथे ठेव वगैरे काही नव्हते, पगार होता, आणि चाळणी तेवढीच कडक होती. दहा मिनिटांत ६० तोंडी गणिते झाल्यावर संभाव्यतेचे प्रश्न आले. त्यांतला एक अजून लक्षात आहे: फासा टाका, जितके पडतील तितके रुपये मिळतील, पडलेला आकडा नको असेल तर एकदाच पुन्हा टाकता येईल, या खेळाची किंमत किती? पहिल्यांदा टाकण्याची सरासरी ३.५०, म्हणून ४, ५, ६ पडले तर ठेवायचे आणि १, २, ३ पडले तर पुन्हा टाकायचे, तेव्हा उत्तर ४.२५. मी हे घरी येताना ट्रेनमध्ये सोडवले. तिथे माझ्या हातून ते सुटले नव्हते. मी पहिल्याच फेरीत बाद झाले, पण या परीक्षेने मला दुखावले नाही. आपण कुठे उभे आहोत हे त्यांनी अर्ध्या दिवसात स्पष्ट सांगितले होते. ज्यांना खरोखर जोखीम घेणाऱ्या डेस्कवर जायचे आहे त्यांनी महाविद्यालयात असतानाच संभाव्यता, संख्याशास्त्र आणि पायथॉन यांकडे वळावे. पदवीनंतरच्या चार महिन्यांत ती तयारी होत नाही.

डिसेंबरमध्ये एकही फोन आला नाही. त्या महिन्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. मी सकाळी सव्वानऊला बाजार उघडताना पडदा पाहायचे, साडेतीनला बंद झाला की वहीत टिपण करायचे, आणि मधल्या वेळात दोन मुलांची वाणिज्य शाखेची शिकवणी घ्यायचे. बाबांनी एकदाच विचारले, “बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरून ठेवतेस का?” मी भरला. तो भरल्याने मन जरा हलके झाले, आणि हा शोध सोडावा लागला तरी आपण संपणार नाही हे स्वतःला सांगता आले.

जानेवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका दलाल कंपनीत डीलरच्या जागेसाठी मुलाखत झाली. समोर बसलेले सर तीस वर्षे बाजारात होते. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न पुस्तकातला नव्हता: “ग्राहकाने फोनवर ‘सगळं विकून टाका’ म्हटलं. काय करशील?” मी म्हणाले, कोणता शेअर, किती नग, कोणत्या भावाला, हे रेकॉर्ड होणाऱ्या लाइनवर त्याच्याकडून वदवून घेईन, मग स्वतः पुन्हा वाचून दाखवीन आणि मगच ऑर्डर टाकीन. त्यांनी कारण विचारले. सेबीच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने ऑर्डर दिल्याचा पुरावा दलालाला ठेवावा लागतो, हे मला ताईमुळे माहीत होते. मग त्यांनी ५ ऑक्टोबर २०१२ विषयी विचारले. त्या दिवशी एका दलाल कंपनीच्या डीलरकडून चुकीने ६५० कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या विक्रीच्या ऑर्डरी गेल्या आणि निफ्टी काही क्षणांत सुमारे १५ टक्के कोसळून व्यवहार काही मिनिटे थांबले. हे मी वाचले होते. “एफ वन खरेदी, एफ टू विक्री. दोन बटनं शेजारी शेजारी आहेत,” ते म्हणाले, “आणि ती चूक पुसता येत नाही. डीलरला हुशारीपेक्षा आधी हे कळायला हवं.”

पुढचा प्रश्न सोपा होता आणि तिथेच मी अडखळले. निफ्टी २३,२०० असताना २३,४०० चा कॉल, म्हणजे त्या पातळीला खरेदी करण्याचा हक्क, १२० रुपयांना घेतला, तर ना नफा ना तोटा कुठे आणि जास्तीत जास्त तोटा किती? २३,५२० हे उत्तर बरोबर आले. तोटा मी २५ च्या लॉटने, म्हणजे एका करारातल्या नगसंख्येने, ३,००० रुपये सांगितला. वास्तविक २० नोव्हेंबरनंतर आलेल्या नव्या करारांचा लॉट ७५ झाला होता आणि आधीपासून चालू असलेले करार तेवढे २५ ने संपणार होते. नव्या करारावर तोटा ९,००० रुपयांचा. सरांनी “कोणता करार?” असे विचारून मला सुधारण्याची संधीही दिली होती, ती मी घेतली नाही. परिपत्रक ऑक्टोबरमध्ये वाचले होते, पण माझ्या उदाहरणांच्या वहीत मी जुनाच आकडा ठेवला होता.

ती जागा मला मिळाली नाही. मात्र निघताना सर म्हणाले, “तुझं लक्ष ऑर्डर टाकण्यापेक्षा चूक कुठे होईल तिकडे जास्त जातं. आरएमएसमध्ये प्रयत्न कर.” आठ महिन्यांत माझ्याविषयी कोणी इतके नेमके बोलले नव्हते. घरी येऊन मी शोधाचे शब्दच बदलले: आरएमएस, रिस्क, मार्जिन, सेटलमेंट, सर्व्हेलन्स. पुढच्या दहा दिवसांत केलेल्या १४ अर्जांना पाच उत्तरे आली.

त्यांतल्या एका कंपनीने ३१ जानेवारीची मुलाखत पुढे ढकलली, कारण दुसऱ्या दिवशी शनिवार असूनही अर्थसंकल्पामुळे बाजार चालू राहणार होता आणि आरएमएसचा कोणीही मोकळा नव्हता. मुलाखत ६ फेब्रुवारीला झाली. आधी एक्सेलची चाचणी: शेअर बाजाराकडून आलेली सौद्यांची फाइल आणि बॅक ऑफिसची फाइल, प्रत्येकी सुमारे ४०० ओळी, ४५ मिनिटांत फरक शोधायचे. व्हीलुकअप लावल्यावर ६० ओळी जुळेनात. घाबरून जाण्याआधी मी एका ग्राहक-कोडावर दोनदा क्लिक करून पाहिले तर शेवटी एक मोकळी जागा दडलेली होती. ती ट्रिमने काढल्यावर खरे फरक फक्त सात उरले. ही युक्ती शिकवणीच्या मुलांच्या गुणांचा तक्ता करताना मला सापडली होती.

मग मार्जिनचे, म्हणजे सौद्यासाठी ग्राहकाकडून आधी घ्यायच्या रकमेचे, प्रश्न. पीक मार्जिन म्हणजे काय, तर दिवसभरात यादृच्छिक वेळी घेतलेल्या नोंदींमधले सर्वांत जास्त मार्जिन ग्राहकाकडून आधीच घेतलेले असणे. हे डिसेंबर २०२० पासून टप्प्याटप्प्याने येऊन १ सप्टेंबर २०२१ पासून पूर्ण १०० टक्के लागू झाले. हे मी सांगितले. पुढे मुलाखत घेणाऱ्या आरएमएसच्या मॅडमनी विचारले: ग्राहकाने एक लाखाचे शेअर तारण ठेवले, २० टक्के हेअरकट (तारणाच्या किमतीतली कपात), त्याच्या एफ अँड ओ पोझिशनला, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या चालू सौद्याला, ६०,००० मार्जिन लागते, खात्यात रोख शून्य, चालेल? मी म्हणाले, तारणाची किंमत ८०,००० धरली जाईल, म्हणून चालेल. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त थांबल्या. त्या शांततेत मला आठवले की निम्मे मार्जिन रोखीच्या स्वरूपात लागते. “नाही, ३०,००० रुपये रोख कमी पडतात,” मी म्हणाले. लॉटच्या वेळी केलेली चूक निदान या वेळी टळली.

दुसऱ्या फेरीत एचआरने सांगितले की आरएमएसच्या कामासाठी एनआयएसएमची ‘सीरीज सात’, म्हणजे सिक्युरिटीज ऑपरेशन्स अँड रिस्क मॅनेजमेंट, लागते. नव्याने लागणाऱ्याला नियमाप्रमाणे ती उत्तीर्ण होण्यास एक वर्षाची मुदत असते, पण ती आधीच झाली असेल तर बरे. मी २२ फेब्रुवारीची तारीख घेतली, पुन्हा १,५०० रुपये भरले. उत्तीर्ण होण्यासाठी ५० गुण लागतात आणि अभ्यासक्रम सौद्याचा जन्मापासून सेटलमेंटपर्यंतचा प्रवास सांगतो. माझ्या मते नवख्याने हीच परीक्षा आधी द्यावी. २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअर्सना लागू असलेली टी प्लस वन व्यवस्था, म्हणजे सौद्यानंतरच्या कामाच्या दिवशी देवघेव पूर्ण होणे, नेमकी कशी चालते हे मला तिच्यामुळे पहिल्यांदा नीट समजले.

ऑफर लेटर १२ मार्चला आले: महिना २२,००० रुपये, त्यातून भविष्यनिर्वाह निधी वजा, सहा महिने प्रोबेशन. वाटाघाटी करण्यासारखी माझी स्थिती नव्हती, तरी सीरीज सातचे शुल्क परत मिळेल का असे मी विचारले आणि त्यांनी होकार दिला. मग कागदपत्रांचे साडेतीन आठवडे सुरू झाले. पदवी प्रमाणपत्र दीक्षांत समारंभानंतर मिळणार होते, म्हणून विद्यापीठाचे तात्पुरते प्रमाणपत्र दिले. पडताळणी करणाऱ्या संस्थेने मात्र अडवले ते नावावरून: आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचे आणि आईचे नाव, तर पॅनवर नाव-वडिलांचे नाव-आडनाव. दोन्ही एकाच व्यक्तीची आहेत असे शपथपत्र मागितले गेले. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, वर नोटरीचे ३००. क्रेडिट अहवालही मागितला. तो प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून, वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो आणि कर्जच घेतलेले नसेल तर त्यात गुणांक नसणे हा दोष धरला जात नाही.

शेवटचा कागद माझ्या स्वतःच्या डीमॅट खात्याचा होता. इनसायडर ट्रेडिंगविषयीच्या, म्हणजे कंपनीच्या आतल्या माहितीवर सौदे करण्याविषयीच्या, सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार कंपनीची आचारसंहिता असते, त्यामुळे स्वतःची आणि जवळच्या नातेवाइकांची खाती जाहीर करावी लागली, आणि पुढे सौदा करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागेल यावर सही केली. बाबांना त्यांच्या खात्याची माहिती का द्यायची हे समजावून सांगण्यात एक पूर्ण संध्याकाळ गेली. हे घरी आधीच बोलून ठेवलेले बरे.

एकूण खर्च असा झाला: तीन परीक्षांचे ४,५००, त्यांतले १,५०० नंतर परत मिळाले, पॅन १०७, शपथपत्र ८००, वर्गाचे ६,०००, जे टाळता आले असते, आणि प्रवास, छायाप्रती वगैरे मिळून सुमारे ५,०००.

रुजू होण्याचा दिवस सोमवार, ७ एप्रिल ठरला. अमेरिकेने जाहीर केलेल्या आयातशुल्कांमुळे जगभरचे बाजार कोसळत होते आणि आमचा बाजार उघडण्याआधीच काय होणार हे सर्वांना दिसत होते. मी साडेआठला पोहोचले तेव्हा आरएमएसची सगळी माणसे जागेवर होती. मॅडमनी मला एक खुर्ची दाखवली आणि म्हणाल्या, “तुझा आयडी अजून नाही. ही यादी घे. मी कोड म्हणेन, तू कमी पडणारं मार्जिन मोठ्यानं वाच.” सव्वानऊला बाजार उघडला आणि यादी दर काही मिनिटांनी लांबत गेली. शाखांचे फोन, ग्राहकांना वेळ देण्याच्या विनंत्या, ठरलेली मर्यादा ओलांडली की पोझिशन कापणे. एका शाखेचा माणूस पलीकडून अक्षरशः विनवत होता आणि मॅडम शांतपणे एकच वाक्य पुन्हा सांगत होत्या: पैसे साडेअकरापर्यंत आले तर पोझिशन राहील. त्या दिवशी सेन्सेक्स २,२२६ अंकांनी आणि निफ्टी ७४२ अंकांनी खाली बंद झाला. साडेतीनला कोणीतरी माझ्यासमोर चहा ठेवला आणि माझे नाव विचारले.

माझा लॉगिन आयडी यायला मध्ये आलेल्या तीन सुट्ट्यांमुळे दोन आठवडे लागले. २१ एप्रिलला तो सुरू झाला, तेव्हा पहिले काम मिळाले ते आदल्या सत्रातील मार्जिनच्या अहवालाची दोन फाइल्समधली जुळवणी. मी सर्वांत आधी ट्रिम लावले.